इंजिनाचा खडखडाट थांबवला, पण हवेत शिसं सोडलं : थॉमस मिजली यांची कहाणी

चोर्ला किंवा आंबोलीचा घाट चढताना गाडी वरच्या गिअरमध्ये राहिली आणि ॲक्सिलरेटर दाबला, की जुन्या गाड्यांच्या बॉनेटखालून डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज यायचा. गॅरेजमध्ये याला नॉकिंग म्हणतात, काही जुने मिस्त्री पिंकिंग म्हणतात. आजच्या गाडीत तो क्वचितच ऐकू येतो. हा आवाज नेमका कुठून येतो याचा छडा लावणारे आणि त्यावर स्वस्तातला उपाय देणारे गृहस्थ म्हणजे अमेरिकेचे थॉमस मिजली. हयातीत त्यांना मोठमोठी पदकं मिळाली. आज त्यांचं नाव निघतं ते वेगळ्याच कारणाने. त्यांचा उपाय शिशाचा होता, आणि ते शिसं जवळपास शंभर वर्षं जगभरातल्या गाड्यांच्या सायलेन्सरमधून रस्त्यावर पडत राहिलं. आपल्याकडे २००० सालापर्यंत.

बरं, दुसरा उपायच नव्हता म्हणावं तर तसंही नाही. होता, आणि मिजली यांना तो चांगला माहीत होता. आज तोच उपाय बेळगाव आणि कोल्हापूर पट्ट्यातल्या साखर कारखान्यांतून टँकर भरून बाहेर पडतो.

कॅश रजिस्टरच्या कंपनीतून इंजिनाकडे

मिजली यांचा जन्म १८ मे १८८९ चा, पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या बीव्हर फॉल्स गावचा. घरातच शोध लावायची परंपरा. वडील टायर आणि चाकांवर सतत काहीतरी प्रयोग करायचे. आईचे वडील जेम्स इमर्सन यांनी करवतीला वेगळे दात बसवायची युक्ती काढली होती. बालपण ओहायोतल्या कोलंबसला गेलं. १९११ साली कॉर्नेल विद्यापीठातून ते मेकॅनिकल इंजिनिअर झाले. म्हणजे ज्या रसायनशास्त्रात पुढे त्यांनी नाव काढलं, त्याची पदवी त्यांच्याकडे नव्हती. ते शास्त्र ते काम करता करता शिकले. मूलद्रव्यांचा तक्ता, म्हणजे आवर्तसारणी, खिशात घेऊन फिरायची त्यांची सवय प्रसिद्ध होती.

सुरुवातीला डेटन शहरातल्या नॅशनल कॅश रजिस्टर कंपनीत नोकरी, मग वडिलांच्या टायरच्या धंद्यात काही वर्षं, आणि १९१६ साली ते चार्ल्स केटरिंग यांच्याकडे दाखल झाले. केटरिंग हे त्या काळातलं बडं प्रस्थ. हँडल मारून गाडी चालू करण्याची कटकट संपवणारा इलेक्ट्रिक स्टार्टर त्यांचाच. त्यांच्या डेल्को कंपनीची बॅटरीवरची इग्निशन यंत्रणा कॅडिलॅक गाडीत बसली, आणि पाठोपाठ तक्रार आली की हे इंजिन ठोके देतं. दोष अर्थातच केटरिंग यांच्या इग्निशनला दिला गेला. शेतावरच्या घरांसाठी वीज तयार करणारा डेल्कोचा छोटा संच रॉकेलवर चालवायला गेलं, तर तो आणखीच ठोके द्यायचा. नव्या पोराला केटरिंग यांनी हेच काम दिलं.

आवाज येतो कशामुळे?

पेट्रोल इंजिनात पिस्टन वर येताना हवा आणि पेट्रोलचं मिश्रण दाबलं जातं. किती पट दाबलं, ते कॉम्प्रेशन रेशो. त्या काळच्या साध्या गाड्यांत तो ४ च्या आसपास होता, आजच्या पेट्रोल कारमध्ये १० ते ११ असतो, काहींत त्याहून जास्त. दाब जितका जास्त, तितकं त्याच थेंबातून जास्त काम निघतं. मग दाब वाढवतच का नेला नाही? तर इथेच नॉकिंग आडवं येतं.

स्पार्क प्लगने ठिणगी टाकली की ज्योत प्लगपासून कडेकडे पसरत जाते. वणवा एका टोकाला लागून पुढे सरकावा तशी. पण ज्योत पोचायच्या आत कडेचं उरलेलं मिश्रण दाबाने आणि उष्णतेने इतकं तापतं, की ते आपणहून एकदम पेट घेतं. दाबाची लाट भिंतींवर आपटते आणि सिलिंडर घंटेसारखा वाजतो. तोच आपला खडखडाट. थोडा वेळ चालला तर विशेष काही होत नाही. घाटभर तसाच रेटला तर पिस्टनला भोक पडू शकतं.

हे सगळं आज लिहायला सोपं आहे. १९१६ साली कुणालाच खात्री नव्हती. बहुतेकांचं मत असं की ठिणगीच्या आधीच इंधन पेटतं. मिजली यांनी इंजिनाला खिडकी पाडली, आतली ज्वाला वेगाने फिरणाऱ्या फिल्मवर टिपली, आणि दाखवून दिलं की ठोका ठिणगीनंतर, जळण्याच्या शेवटी पडतो. म्हणजे इग्निशन निर्दोष. खोट इंधनात.

इंधनात काय घालायचं याचा शोध मात्र चक्क चुकीच्या अंदाजावरून सुरू झाला. बर्फ वितळायच्या आत फुलणारी ट्रेलिंग आर्ब्युटस नावाची एक वेल आहे. तिच्या पानांचा मागचा भाग तांबडा असतो. तांबड्या रंगामुळे ती उष्णता लवकर शोषत असेल, तर रॉकेलही तांबडं केलं तर काय होईल, असं केटरिंग आणि मिजली यांच्या डोक्यात आलं. त्या दिवशी स्टोअरमध्ये तेलात विरघळणारा तांबडा रंग मिळाला नाही. आयोडीन मिळालं. ते घातलं, आणि ठोके थांबले! मग मिजली यांनी खरेखुरे तांबडे रंग आणून पाहिले, तर कशाचाच उपयोग नाही. रंगाचा काही संबंध नव्हता, काम आयोडीन करत होतं. पण आयोडीन महाग, शिवाय इंजिन खाणारं. एवढं मात्र कळलं, की इंधनात चिमूटभर काहीतरी मिसळून नॉकिंग थांबवता येतं.

पुढची पाच वर्षं त्यांनी जे हाताला लागेल ते घालून पाहिलं. ॲनिलीन चाललं, पण वास सहन होईना. सेलेनियम, मग टेल्युरियम. टेल्युरियम फार गुणकारी, पण काम करणाऱ्याच्या अंगाला लसणासारखा असा वास लागायचा की अंघोळ करून, कपडे बदलूनही जायचा नाही. शेवटी हातचलाखी सोडून त्यांनी आवर्तसारणीवर गुण मांडायला सुरुवात केली. तक्त्यात खाली जावं तसा परिणाम वाढतो, हे दिसलं. एका रांगेच्या तळाशी शिसं होतं. ९ डिसेंबर १९२१ रोजी टेट्राइथाइल लेड हे शिशाचं तेलकट संयुग इंजिनात गेलं आणि ठोका पार बंद झाला. पावणेचार लिटरच्या अमेरिकन गॅलनला सुमारे ३ मिलिलिटर पुरे.

जो उपाय बाजूला पडला

इथे जरा थांबू, कारण कॉमर्स शिकलेल्या माणसाला या गोष्टीतला हाच भाग सगळ्यात ओळखीचा वाटतो.

शिसं सापडायच्या आधीपासून मिजली आणि त्यांचे सहकारी अल्कोहोलवर, म्हणजे आजच्या इथेनॉलवर काम करत होते. पेट्रोलमध्ये अल्कोहोल मिसळलं की नॉकिंग थांबतं, जास्त कॉम्प्रेशनचं इंजिन बिनआवाज चालतं, हे त्यांनी स्वतः तपासलं होतं, त्यावर लिहिलं होतं, अल्कोहोल मिसळलेल्या इंधनाच्या पेटंटसाठी अर्जही केला होता. अडचण हिशेबाची होती. अल्कोहोल कुठलाही शेतकरी धान्यातून, उसातून काढू शकतो, त्याच्यावर एका कंपनीची मालकी कशी चालणार? शिवाय ते चमचाभर घालून भागत नाही, टाकीचा दहावा-पाचवा हिस्सा तेच लागतं. तेवढं पेट्रोल कमी खपणार, म्हणजे तेल कंपन्या नाराज. शिशाचं संयुग मात्र चमचाभर लागतं, त्याच्या वापरावर पेटंट मिळतं, आणि विकल्या जाणाऱ्या प्रत्येक गॅलनमागे पैसे येत राहतात. नफ्या-तोट्याच्या पत्रकावर शिसं सरळ जिंकत होतं. माणसांच्या रक्तात जाणाऱ्या शिशाचा खर्च त्या पत्रकात कुणाच्याच नावे पडत नव्हता.

शिसं विषारी असतं हे तेव्हा माहीत नव्हतं, असा बचाव कधीकधी केला जातो. तो टिकत नाही. शिशाची विषबाधा प्राचीन रोमपासून माहीत आहे. अमेरिकेच्या सार्वजनिक आरोग्य खात्याकडे १९२२ सालीच या संयुगाबद्दल इशारे पोचले होते. आणि मिजली यांना तर ते अंगावर कळलं होतं. १९२३ च्या सुरुवातीला, अमेरिकन केमिकल सोसायटीचं निकोल्स पदक मिळालं त्याच हिवाळ्यात, त्यांना स्वतःला शिशाची बाधा झाली. काम सोडून फ्लोरिडाच्या मोकळ्या हवेत जाऊन ते काही आठवडे राहिले.

त्याच वेळी, २ फेब्रुवारी १९२३ रोजी, डेटनच्या एका पंपावर शिसं घातलेलं पेट्रोल पहिल्यांदा विकलं गेलं. नाव ठेवलं इथाइल. शिसं हा शब्द नावात कुठेच नाही, हे लक्षात घ्या. त्या वर्षीच्या इंडियानापोलिसच्या ५०० मैलांच्या शर्यतीत पहिले तिघे याच इंधनावर धावले. जाहिरातीला आणखी काय हवं? १९२४ साली जनरल मोटर्स आणि न्यू जर्सीची स्टँडर्ड ऑइल यांनी मिळून इथाइल गॅसोलिन कॉर्पोरेशन काढली. मिजली उपाध्यक्ष झाले.

ऑक्टोबर १९२४

आणि मग माणसं मरायला लागली. डेटनमध्ये हे संयुग तयार करणारे दोन कामगार १९२४ सालीच गेले. ऑक्टोबरात न्यू जर्सीतल्या बेवे इथल्या स्टँडर्ड ऑइलच्या कारखान्यात कामगारांना भास होऊ लागले, झटके येऊ लागले, काहींना बांधून दवाखान्यात न्यावं लागलं. काही दिवसांत ५ जण दगावले, ३० हून अधिक दवाखान्यात होते. ड्युपॉन्टच्या डीपवॉटर कारखान्यातही कामगार मेले. तिथले कामगार नसलेले किडे हवेत पकडायचे, म्हणून त्या इमारतीला फुलपाखरांचं घर असं नाव पडलं होतं. न्यूयॉर्कसह काही ठिकाणी शिशाच्या पेट्रोलवर बंदी आली.

३० ऑक्टोबर १९२४ रोजी न्यूयॉर्कमध्ये पत्रकारांना बोलावलं गेलं. मिजली यांनी सगळ्यांसमोर टेट्राइथाइल लेडने हात धुतले, मग बाटली नाकाशी धरून मिनिटभर तिची वाफ ओढली, आणि रोज असं केलं तरी आपल्याला काही होणार नाही असं सांगितलं. वर्षभरापूर्वी हाच माणूस शिशाच्या बाधेने फ्लोरिडाला गेला होता. त्यांच्या आयुष्यातला मला न पटणारा क्षण कुठला, तर हा. शोध लावताना सगळंच कळत नाही हे मान्य, पण त्या दिवशी त्यांना कळत होतं.

मे १९२५ मध्ये सर्जन जनरलने वॉशिंग्टनला परिषद बोलावली. कारखान्यांतल्या विषबाधेचा गाढा अभ्यास असलेल्या डॉ. ॲलिस हॅमिल्टन आणि येल विद्यापीठाचे यँडेल हेंडरसन यांनी ठाम विरोध केला. रस्त्यारस्त्यावर हळूहळू साचत जाणारं शिसं एकदम कुणाला मारणार नाही, म्हणूनच ते अधिक धोक्याचं आहे, असं हेंडरसन यांचं म्हणणं होतं. विक्री थांबली. समिती नेमली गेली. तिने जेमतेम सात महिन्यांत ड्रायव्हर आणि गॅरेज कामगार तपासले आणि १९२६ च्या सुरुवातीला बंदीला पुरेसा आधार नसल्याचा अहवाल दिला. पुढे अभ्यास चालू ठेवावा असंही तिने म्हटलं होतं. तो अभ्यास पुढची चाळीस वर्षं मुख्यतः याच उद्योगाच्या पैशावर झाला, त्यामुळे निष्कर्ष काय येत राहिले हे वेगळं सांगायला नको. विक्री पुन्हा सुरू झाली. मिजली यांना १९२५ मध्येच कंपनीच्या कारभारातून बाजूला करून प्रयोगशाळेत पाठवलं होतं.

एक तांत्रिक गोष्ट इथे सांगायला हवी. शिशाची राख व्हॉल्व्ह आणि प्लगवर बसून इंजिन खराब करायची. त्यावर मिजली यांनी इथिलीन डायब्रोमाइड मिसळायचा उपाय काढला. ब्रोमिनशी संयोग होऊन शिसं वाफ होऊन बाहेर पडायचं. ब्रोमिन पुरेना, तेव्हा ते समुद्राच्या पाण्यातून काढण्याच्या खटाटोपातही मिजली होते. इंजिन स्वच्छ राहिलं. ते शिसं सायलेन्सरमधून थेट रस्त्यावर येऊ लागलं.

पंपावरचा ९१ चा आकडा

कुठलं पेट्रोल किती नॉक करतं हे मोजायचं माप मिजली यांच्या नव्हे, त्याच कंपनीतल्या ग्रॅहम एडगर यांच्या नावावर आहे. १९२६-२७ च्या सुमारास त्यांनी दोन शुद्ध द्रव घेतले. आयसोऑक्टेन अजिबात सहज ठोके देत नाही, त्याला १०० गुण. नॉर्मल हेप्टेन लगेच ठोके देतं, त्याला ० गुण. हे हेप्टेन तेव्हा एका जातीच्या पाइन झाडाच्या चिकापासून मिळायचं. ९१ ऑक्टेनचं पेट्रोल म्हणजे ९१ भाग आयसोऑक्टेन आणि ९ भाग हेप्टेनच्या मिश्रणाइतका तग धरणारं पेट्रोल. अमेरिकेतल्या नातेवाइकांच्या फोटोत पंपावर ८७ दिसलं तर तिथलं पेट्रोल हलकं असं समजू नका. त्यांची मोजायची पद्धत वेगळी आहे, तो आकडा आपल्या ९१ च्या जवळपासच येतो.

यातूनच एक गैरसमज निघतो, जो पंपावर रोज पैसे खातो. जास्त ऑक्टेन म्हणजे जास्त ताकद, असं नाही. ऑक्टेन फक्त दाब सहन करायची कुवत सांगतं. ज्या इंजिनाचं कॉम्प्रेशन जास्त आहे किंवा ज्यात टर्बो आहे, त्याला ते लागतं. कमी ऑक्टेन मिळालं तर हल्लीच्या गाडीतला नॉक सेन्सर ठोका ओळखून ठिणगी थोडी उशिरा पाडतो, इंजिन वाचतं, पण ओढ आणि मायलेज घटतं. साध्या ९१ साठी बनवलेल्या गाडीत महागडं ९७ किंवा १०० भरून हाती काही लागत नाही. गाडीच्या मॅन्युअलमध्ये लिहिलंय तेवढंच पुरे.

शिशाने इंधनाची ही कुवत वाढली हे मात्र नाकारता येत नाही. १९४० साली ब्रिटिश लढाऊ विमानं १०० ऑक्टेनवर उडाली, त्या इंधनातही टेट्राइथाइल लेड होतं.

फ्रीज, पोलिओ आणि शेवट

१९२८ साली मिजली यांच्यापुढे दुसरं काम आलं. त्या वेळच्या फ्रीजमध्ये अमोनिया, सल्फर डायऑक्साइड असले वायू असत. गळती झाली तर जिवावर बेतायचं. मिजली आणि अल्बर्ट हेन यांनी पुन्हा तोच मूलद्रव्यांचा तक्ता पुढे घेऊन डायक्लोरोडायफ्लुरोमिथेन शोधलं. बाजारात ते फ्रिऑन म्हणून आलं. १९३० साली रसायनशास्त्रज्ञांच्या सभेत त्यांनी ते छातीभर ओढलं आणि फुंकर मारून मेणबत्ती विझवली. विषारीही नाही, पेटणारंही नाही. या वेळी प्रात्यक्षिक खरं होतं. हाच वायू वर जाऊन ओझोनचा थर खातो, हे १९७४ मध्ये मोलिना आणि रोलँड यांच्या शोधनिबंधानंतर कळलं. त्याबद्दल मिजली यांना दोष देणं मला अन्यायाचं वाटतं. शिशाची गोष्ट वेगळी, ती आधी कळलेली होती.

पर्किन पदक, प्रीस्टली पदक, विलर्ड गिब्ज पदक, राष्ट्रीय विज्ञान अकादमीचं सदस्यत्व, १९४४ साली अमेरिकन केमिकल सोसायटीचं अध्यक्षपद, सगळं मिळालं. १९४० मध्ये, वयाच्या ५१ व्या वर्षी, पोलिओने त्यांचे पाय गेले. अंथरुणातून उठता यावं म्हणून त्यांनी स्वतःसाठी दोऱ्या आणि कप्प्यांची यंत्रणा बनवली. २ नोव्हेंबर १९४४ रोजी ओहायोतल्या वर्दिंग्टनच्या घरी ते त्याच दोऱ्यांत गळा आवळलेल्या अवस्थेत मृत सापडले. वय ५५.

आपल्यापर्यंत

क्लेअर पॅटरसन हे भूरसायनशास्त्रज्ञ १९५० च्या दशकात उल्केतल्या शिशावरून पृथ्वीचं वय काढत होते. प्रत्येक नमुन्यात बाहेरचं शिसं घुसायचं. ते येतंय कुठून याचा माग काढत ते पेट्रोलपर्यंत पोचले. १९६५ साली त्यांनी ते मांडलं, तेव्हा हा उद्योग त्यांच्या विरोधात उभा राहिला. अमेरिकेत १९७० च्या दशकात शिसं कमी व्हायला लागलं. त्याला आरोग्याइतकंच दुसरंही कारण होतं: धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर शिशाने निकामी होतो.

भारतात एप्रिल १९९५ मध्ये चार महानगरांत कन्व्हर्टरवाल्या नव्या गाड्यांसाठी शिसेविरहित पेट्रोल आलं. १ फेब्रुवारी २००० पासून देशभर तेच. तोपर्यंत बेंगळुरूच्या जॉर्ज फाउंडेशनने मुंबई, हैदराबाद, बेंगळुरूसह सात शहरांत मुलांचं रक्त तपासलं होतं, आणि निम्म्याहून अधिक मुलांमध्ये शिसं तेव्हाच्या धोक्याच्या पातळीवर किंवा त्याच्या वर निघालं होतं. शिसं लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीवर परिणाम करतं, बुद्ध्यांक घटवतं. चाळिशीतल्या आम्हा लोकांचं अख्खं बालपण त्याच धुरात गेलं. तेव्हा गॅरेजमध्ये चर्चा मात्र एकच होती, की शिशाविना जुन्या गाड्यांच्या व्हॉल्व्ह सीट झिजणार.

शिसं गेल्यावर ऑक्टेन राखायचं काम रिफायनरीतल्या नव्या प्रक्रियांनी आणि काही मिश्रणांनी केलं. आता ते इथेनॉलकडे आलंय. त्याचा स्वतःचा ऑक्टेन आकडा शंभराच्या वर आहे, म्हणून २० टक्के इथेनॉलच्या ई-२० पेट्रोलचं मानक ९५ ठेवता आलं. लिटरमागे उष्णता पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी, त्यामुळे मायलेज काहीसं घटतं, जुन्या गाड्यांच्या रबरी भागांची काळजी राहते, आणि उसाला लागणाऱ्या पाण्याचा प्रश्न आपल्या भागाला वेगळा सांगायची गरज नाही. त्यावर वाद चालू आहेत आणि ते व्हायलाच हवेत. १९२१ मध्ये हाच वाद शिसं आणि अल्कोहोल यांच्यात उघडपणे झाला नाही.

रस्त्यावरच्या गाड्यांसाठी शिशाचं पेट्रोल विकणारा शेवटचा देश अल्जीरिया. तिथे ते २०२१ साली थांबलं. पिस्टन इंजिनाच्या लहान विमानांचं १०० एलएल इंधन मात्र अजून मिळतं. त्यातल्या एलएलचा अर्थ कमी शिसं, आणि त्यात मिसळतात ते टेट्राइथाइल लेडच.